घरी न सांगता तांबी बसवली तर ते पाप होईल का?

अमळनेर तालुक्यातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. वय २६. मोठी मुलगी साडेतीन वर्षांची, धाकटी आठ महिन्यांची. धाकटी अजून अंगावर पिते आणि ताईंची पाळी परत सुरू झालेली नाही. मुलगा होईपर्यंत काही करायचं नाही, मूल होणं देवाच्या हातात असतं, त्यात माणसाने हात घातला की पाप लागतं, असं सासूबाईंचं म्हणणं. शेजारणीने सांगितलंय की तांबी बसवली की आत गर्भ राहतो आणि मरतो, पुन्हा राहतो आणि मरतो. नवऱ्याला विचारलं की तो "बघू" म्हणतो. ताईंना दोन-तीन वर्षं तरी मूल नको आहे. त्या विचारतात, मी माहेरी जाते म्हणून निघाले आणि तांबी बसवून आले तर ते पाप आहे का? आणि ही नवऱ्याची फसवणूक आहे का?

ताई, मी गेली तीस-बत्तीस वर्षं खानदेशात बाळंतपणं करते आहे, आधी सरकारी नोकरीत, नंतर स्वतःच्या दवाखान्यात. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. तिसरा तुम्ही विचारलेला नाही, पण त्याचं उत्तर आधी देते, कारण ते थांबू शकत नाही. पाळी आलेली नाही आणि बाळ अंगावर पितंय म्हणून दिवस जाणार नाहीत असं तुम्ही धरून चालला असाल तर तसं समजू नका. अंगावरच्या दुधाचा भरवसा तीन गोष्टी एकत्र असतील तोवरच असतो. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी आलेली नको, आणि बाळाला रात्रंदिवस फक्त आईचं दूध हवं, वरचं पाणीसुद्धा नको. तुमचं बाळ आठ महिन्यांचं आहे, मऊ भात-वरण खायला लागलं असेल. पहिली पाळी दिसण्याआधीच बीज सुटू शकतं, त्यामुळे पाळी न येताच पुन्हा दिवस गेलेल्या बायका माझ्याकडे दर वर्षी येतात. कुणी चौथ्या महिन्यात, कुणी पाचव्या. "पाळीच नव्हती, कळणार कसं?" म्हणतात, आणि ते खरंच असतं. तेव्हा आशाताईंकडून तपासणीचं किट घ्या. ते फुकट मिळतं. पुढचं ठरेपर्यंत निरोध वापरा.

आता पापाचं.

आधी शेजारणीचं बोलणं बाजूला करू. तांबी म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखी प्लास्टिकची लहानशी दांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. त्या तांब्यामुळे पुरुषबीज निकामी होतं, ते स्त्रीबीजापर्यंत पोचून त्याचं फलन करेल अशा अवस्थेत राहत नाही. तांबीचं मुख्य काम हे आहे. गर्भच धरत नाही, मग मरेल काय? क्वचित कधी फलन होऊन ते पिशवीत रुजत नाही, ही शक्यता शास्त्र अगदी शून्य म्हणत नाही, आणि ज्यांच्या श्रद्धेप्रमाणे फलनाच्या क्षणीच जीव येतो त्यांना मी हे लपवत नाही. त्यांनी निरोध वापरावा. पण दर महिन्याला आत एक बाळ मरतं हे चित्र खोटं आहे, आणि ते मनात घेऊन बाईने रात्र रात्र जागावं हे मला फार क्रूर वाटतं. एका बाईने फक्त या भीतीने माझ्याकडून तांबी काढून घेतली होती. काढताना ती रडत होती. कुणाला तरी सोडवल्यासारखं तिला वाटत होतं.

सासूबाईंचा मुद्दा वेगळा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. आपल्याकडे अपत्य म्हणजे देवाचं देणं. अहिराणीत म्हाताऱ्या बाया म्हणतात, "पोरं म्हंजे देवनी देन शे." नव्या सुनेला अष्टपुत्रा हो म्हणून आशीर्वाद देणारी पिढी आता आतापर्यंत होती. त्या पिढीने आठ बाळंतपणं करून तीन पोरं हाती लागलेली पाहिली आहेत, आणि तो आशीर्वाद त्या काळाच्या काळजीतून आलेला आहे. शास्त्राचं म्हणाल तर गर्भाधान हा सोळा संस्कारांतला पहिला संस्कार, आणि ऋतुकाळी गृहस्थाने पत्नीकडे जावं असाही नियम सांगितलेला आहे. काही जण तो पुढे करतात. भ्रूणहत्येला धर्मग्रंथांत महापातक म्हटलंय, पण ते पोटात धरलेल्या गर्भाबद्दल आहे. गर्भ धरूच न देणं आणि धरलेला पाडणं या दोन गोष्टी आपल्या घरांतून एकाच नावाने बोलल्या जातात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

देवाच्या कामात हात घालण्याबद्दल एवढंच विचारते. धाकटीच्या डाव्या दंडावर बीसीजीची बारीक खूण असेल, बघा. ती टोचायला तिला उपकेंद्रात कुणी नेलं होतं? बहुतेक आजीच घेऊन येतात, पदराखाली झाकून, उन्हाचं. त्या वेळी देव आडवा आला नाही. आजार येऊ न देणं देवाला चालतं, आणि सुनेचं अंग भरून यायच्या आत पुन्हा पोट येऊ न देणं चालत नाही, असं मानायला मला आधार सापडत नाही. मी स्वतः श्रावणात कानबाईला बसते. माझ्या कामात आणि तिच्या पूजेत मला कधी भांडण दिसलं नाही.

इतर धर्मांचं थोडक्यात सांगते, कारण यावल-रावेरकडच्या तडवी आणि इतर मुसलमान बायकाही हाच प्रश्न विचारतात. पैगंबरांच्या काळात त्यांचे साथी अज़्ल करत, म्हणजे वीर्य बाहेर टाकत, अशा नोंदी हदीसमध्ये आहेत. त्यावरून बऱ्याच फकीहांनी, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, तात्पुरत्या साधनांना परवानगी दिली. कायमच्या नसबंदीला मात्र बहुतेकांचा विरोध आहे. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अज़्ल करायचं असेल तर नवऱ्याने बायकोची परवानगी घ्यावी, असं बहुतेक फकीह म्हणतात, कारण मूल हा तिचाही हक्क. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही तिला विचारण्याचा प्रश्न होता. ख्रिस्ती लोकांत कॅथलिक चर्चने १९६८ साली कृत्रिम साधनं नाकारली आणि फक्त पाळीचे दिवस मोजून संयम पाळायला मुभा ठेवली. बहुतेक प्रोटेस्टंट पंथांनी हा निर्णय नवरा-बायकोवर सोडला आहे.

आणि गांधीजी. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या कार्यकर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या. गांधीजींनी साधनं मान्य केली नाहीत. त्यांचा मार्ग संयमाचा होता. साधनं आली की पुरुष स्त्रीकडे फक्त भोगाची वस्तू म्हणून बघेल ही त्यांची चिंता होती, आणि ती पोकळ होती असं मी म्हणणार नाही. पण संयम पाळायचा की नाही हे आपल्या घरात ठरवतो कोण? रात्री "नको" म्हणाली म्हणून मार खाल्लेल्या बायका मी तपासल्या आहेत. त्यांना संयमाचा उपदेश कसा करू? तो उपदेश ज्याला करायला हवा तो माझ्यासमोर येतच नाही.

त्याच्याही आधी, १९२१ साली, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं होतं. त्यापायी त्यांना नोकरी सोडावी लागली आणि पुढे खटलेही झाले. त्यांच्यावरच्या एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत आंबेडकरांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव मांडला आणि सभागृहाने तो फेटाळला. हे सगळं सांगते ते एवढ्याचसाठी की तुमच्या मनातला प्रश्न मराठी माणसांनी शंभर वर्षांपूर्वी उघडपणे मांडलेला आहे. तुम्ही काही विपरीत विचारत नाही आहात.

तर पाळणा लांबवण्यात पाप नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण कुटुंब नियोजनाच्या नावाखाली पाप होतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि एकदा माझ्या हातून झालंय.

१९९३ चा मार्च. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तालुक्याच्या ठिकाणी मी नवीन वैद्यकीय अधिकारी होते. तेव्हा बायकांच्या नसबंदीच्या ऑपरेशनांचं टार्गेट असायचं. नर्सबाईला इतक्या केसेस, ग्रामसेवकाला इतक्या, शाळामास्तरालाही इतक्या. मार्चअखेर जवळ आली की जीप भरभरून बायका यायच्या. व्हरांड्यात सतरंजीवर ओळीने निजवलेल्या असायच्या, उपाशीपोटी, लहान पोरं उशाशी रडत. माझं काम रक्तदाब बघायचा, नाडी बघायची आणि फॉर्म पुढे सरकवायचा. त्या दिवशी एक पावरा आदिवासी बाई होती, वयाने फार तर तेवीस. फॉर्म मराठीत होता. तिला मराठी येत नव्हती, मला पावरी येत नव्हती. तिला घेऊन आलेल्या माणसाने तिचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर उठवला. शाई ओली होती, कागद उचलताना ती माझ्याही बोटाला लागली. मी विचारलं, "हिला कळलंय ना सगळं?" तो म्हणाला, "हो मॅडम, समजावलंय." मी पुढच्या बाईकडे वळले.

पावसाळा संपता संपता ती नवऱ्यासोबत परत आली. दोन पोरांतला मुलगा जुलाब-उलट्यांत गेला होता. नवरा मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, आता ते उघडून द्या. कायमचं आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नळी जोडण्याचं ऑपरेशन असतं, मोठ्या शहरात जावं लागतं, यश येईलच असं नाही, हे मी त्यांना दुभाष्यामार्फत सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ते गेले, पुन्हा कधी आले नाहीत. कागदावर तिची संमती होती, आजही त्या फाइलमध्ये असेल. तिला एक प्रश्न तिच्या भाषेत विचारायला मला दहा मिनिटं लागली असती.

त्यानंतर मी दुभाष्याशिवाय कुठल्याही पावरा किंवा भिल्ल बाईचा अंगठा घेतलेला नाही. आणि धडगाव-अक्कलकुव्याकडच्या लोकांना "इतकी पोरं कशाला?" म्हणून विचारणं मी बंद केलं. जिथे पोरं जगतील याची खात्री नाही तिथे ते विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. आधी पोरं जगवायची. जिथे ती जगायला लागली तिथे बायका स्वतःहून म्हणायला लागल्या, "आते पुरं व्हयनं माय."

हे एका शिबिराचं झालं. आणीबाणीत तर १९७६-७७ या एकाच वर्षात देशात साठ लाखांहून जास्त पुरुषांची नसबंदी झाली. आपल्या विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. त्या वर्षी नसबंदीची जीप आली की रात्री ज्वारीच्या शेतात जाऊन झोपायचो, असं सांगणारे म्हातारे मला भेटले आहेत. टार्गेटची पद्धत १९९६ मध्ये कागदोपत्री उठली. पण नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं झाली आणि डझनभराहून जास्त बायका दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नसबंदीची शिबिरं तीन वर्षांत बंद करा आणि टार्गेट ठरवू नका असा आदेश दिला. कायद्याच्या भाषेत हे फार मोठं पाऊल होतं. माझ्यासाठी त्याचा अर्थ इतकाच, की त्या व्हरांड्यातल्या सतरंजीवर पुन्हा कुणाला निजवायचं नाही.

ताई, हे तुम्हाला का सांगते? तुमच्या घरात वेगळ्या बाजूने तेच चाललंय. तेव्हा सरकार म्हणत होतं, बंद कर. आता सासूबाई म्हणतात, चालू ठेव. जिच्या पोटात वाढायचं तिला दोन्हीकडे कुणी विचारलेलं नाही. मला या सगळ्या विषयात नीतीचा एकच खरा प्रश्न दिसतो, आणि तो साधनाबद्दलचा नाही. हे कुणी ठरवलं, हा तो प्रश्न आहे. तुम्ही समजून-उमजून तिसरं मूल हवं म्हणालात तर मी तितक्याच आनंदाने तुमचं बाळंतपण करीन.

मुलाचा मुद्दा उरतो. मुलगा की मुलगी हे पुरुषबीजावर ठरतं, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. तिसऱ्या वेळीही शक्यता निम्मी-निम्मीच असते, दोन मुली झाल्या म्हणून ती वाढत नाही. मला भीती वेगळीच आहे. "तिसऱ्या वेळी बघून घेऊ" म्हणणारी घरं आपल्या भागात आहेत. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुलींच्या प्रमाणात जळगाव जिल्हा राज्यातल्या अगदी तळाच्या जिल्ह्यांत होता, आणि आदिवासीबहुल नंदुरबार कितीतरी वर. यात आमच्या प्रचाराचाही हात आहे असं मी मानते. दोन पुरे, दोन पुरे म्हणून आम्ही कुटुंब लहान करत गेलो, त्या दोघांत एक मुलगा हवाच ही हौस तशीच राहिली, आणि जागा मुलीची गेली. गर्भलिंग तपासणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. कुणी तुम्हाला "ओळखीच्या ठिकाणी" नेतो म्हणाला तर जाऊ नका. तिथे होतं ते मी कुटुंब नियोजन मानत नाही. साधन वापरूनही दिवस गेले आणि बाईला ते नको असतील, ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे, आणि सज्ञान बाईच्या बाबतीत तिथे तिची एकटीची सही पुरते. नवऱ्याची सही मागणारे दवाखाने आहेत, पण कायदा ती मागत नाही.

सरपंच-सदस्यांसाठीच्या दोन अपत्यांच्या अटीबद्दलही हेच म्हणेन. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की पंचायतीचं पद जातं. नवऱ्याचं पद वाचावं म्हणून नको असलेला गर्भपात करून घ्यायला आलेली बाई मी पाहिली आहे. दुसरीला ऐन निवडणुकीच्या तोंडावर माहेरी पाठवून तिथे गुपचूप बाळंत करवलं होतं. लोकसंख्या कमी करायला हा नियम केला म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं होती. मग आता हा धाक कुणासाठी?

आता फसवणुकीचा प्रश्न, जो मला पापाच्या प्रश्नापेक्षा अवघड वाटतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या दवाखान्यात गर्दी वाढते. लेकी माहेरी आलेल्या असतात. मागे एका आखाजीला भर दुपारी एक आई आणि तिची लेक आल्या. लेकीच्या हातावरची मेंदी ताजी होती. आईने नातवाला कडेवर घेतलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "बाई, सासरले कळाले नको." लेक खाली बघत होती. तीन वर्षांत दोन बाळंतपणं, रक्त सात ग्रॅम. मी तिला आईसमोर काही विचारलं नाही. आईला बाहेर बसवलं आणि मग विचारलं, "हे तुला हवंय की आईला?" ती म्हणाली, "मन्हं कोन आयकस वो? पन माले नको आते." आईच्या आग्रहाने आली असती तर मी तांबी बसवली नसती. माहेरचा आग्रह हाही आग्रहच. आधी रक्त वाढवायला गोळ्या दिल्या, पाळीत जास्त रक्त जातं म्हणून तेव्हा तांबी टाळली आणि छाया नावाच्या गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं दिली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. ती कुठे ठेवशील, म्हटलं. म्हणाली, बाजरीच्या कोठीत, तिथे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

ती फसवणूक होती का? मी बराच विचार केला आहे. नवरा-बायकोत असं लपवाछपवीचं काही असू नये असंच मला वाटतं. मूल दोघांचं असतं, आणि पुढच्या मुलाची वाट बघणाऱ्या नवऱ्यापासून त्याच्या बायकोने रोज काहीतरी लपवावं हे त्याच्या बाजूनेही दुःखाचं आहे. पण तिने सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे तिने मला सांगितलं. ते इथे लिहीत नाही. जिथे खरं बोलल्यावर अंगावर हात पडतो तिथे गप्प राहणाऱ्या बाईला मी खोटारडी म्हणणार नाही. लपवायची वेळ ज्यांनी आणली त्यांनी त्याचा जाब द्यावा.

तुमचं तसं आहे का, हे तुम्हीच जाणता. तुमच्या लिहिण्यावरून मला वेगळं वाटलं. तुमचा नवरा "नाही" म्हणालेला नाही, "बघू" म्हणालाय. खानदेशातल्या पुरुषाच्या तोंडून आलेलं "बघू" मला चांगलं ओळखीचं आहे. त्यात बऱ्याचदा आईला काय सांगू ही अडचण असते. भीती नसेल तर एकदा त्याच्याशी नीट बोला, मळ्यात, दोघंच असताना. "मला मूलच नको" असं म्हणू नका, कारण तुम्हाला तसं म्हणायचंही नाही. "मला दोन-तीन वर्षं पाळणा लांबवायचाय" म्हणा. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहायला निदान दोन वर्षं जाऊ द्यावीत, नाहीतर आईचं रक्त उतरतं आणि पुढचं बाळ कमी वजनाचं, कमी दिवसांचं होण्याचा धोका वाढतो, हे सांगा. तांबी पाच वर्षांची असते, दहा वर्षांचीही असते, पण ती कुठल्याही दिवशी काढता येते आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. सासूबाईंनाही याच शब्दांत सांगता येईल, त्यालाच सांगू द्या. बंद करणं आणि लांबवणं यांतला फरक जुन्या बायकांना चटकन कळतो, त्यांनी स्वतः दोन पोरांत अंतर राहावं म्हणून दोन दोन वर्षं अंगावर पाजलेलं असतं.

त्याला माझ्याकडे घेऊन या, मी दोघांशी बोलते. तो आला तर मी त्याच्याशी नसबंदीबद्दलही बोलेन, आत्ता नाही, तुमचं कुटुंब पुरं झाल्यावरची गोष्ट म्हणून. आपल्या देशात याच २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याची नसबंदी झालेल्या फक्त ०.३ टक्के. पुरुषाचं बिनटाक्याचं ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं, पोट उघडावं लागत नाही, आणि तीन महिन्यांनी वीर्य तपासून खात्री करायची. केळीचे घड उचलणारे, कापसाच्या गाठी चढवणारे लोक ताकद जाईल म्हणून घाबरतात. ताकद जात नाही. ऑपरेशननंतर आठवडाभराने पुन्हा घड वाहायला गेलेला माणूस मी पाहिलाय. आणीबाणीच्या त्या एका वर्षाने पुरुषांच्या मनात जे भरलं ते पन्नास वर्षांनीही बायकांच्या पोटावर निघतंय, याची मला चीड येते.

आणि भीती असेल, बोलणं शक्यच नसेल, तर एकट्या या. तांबीसाठी नवऱ्याची सही लागत नाही. सरकारी नियमाप्रमाणे नसबंदीलासुद्धा जोडीदाराची संमती बंधनकारक नाही. तुमचा कागद मी कुणाला दाखवणार नाही. तुमचा नवरा किंवा सासूबाई उद्या येऊन विचारतील तर "त्यांनाच विचारा" एवढंच उत्तर त्यांना माझ्याकडून मिळेल. मी खोटंही बोलणार नाही आणि तुमचं गुपितही फोडणार नाही. एवढं मात्र आधी माहीत असू द्या, की तांबीचा बारीक दोरा आत राहतो आणि कधीकधी तो नवऱ्याला जाणवतो. तसं झालं तर मी तो आखूड कापून देते. पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्त जास्त जातं, पोट दुखतं. 'अंतरा' नावाचं गर्भनिरोधक इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं असतं, त्याची घरात खूण उरत नाही, पण पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि ते सासूच्या नजरेतून सुटत नाही. शिवाय ते बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. तुमच्या घरात काय निभावेल ते तुम्ही ठरवा.

यायच्या आदल्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीवर किट करून बघा. किट कोरं निघालं तरी मधल्या काळात निरोधाशिवाय संबंध आला असेल तर तीन आठवडे निरोध वापरून पुन्हा तपासू, मगच तांबी बसवू. रक्त तपासलेलं असेल तर तो कागद आणा, नसेल तर इथे बघू. जेवून या. धाकटीलाही घेऊन या, तुम्ही आत असताना तिला सांभाळायला माझ्याकडे माणूस आहे.